गळालेला एक शब्द: जकार्तामधल्या 'अल-माइदा 51' प्रकरणाचा अभ्यास

पुलाऊ प्रामुका हे जकार्ताच्या उत्तरेला समुद्रातलं एक छोटं बेट. 'केपुलाउआन सेरिबू', म्हणजे हजार बेटं, अशा नावाच्या बेटसमूहाचा कारभार इथून चालतो. 27 सप्टेंबर 2016 ला जकार्ताचे गव्हर्नर बासुकी चाहाया पूर्णामा इथं आले होते. सगळा देश त्यांना 'अहोक' म्हणून ओळखतो. विषय होता माशांचा. बेटावरच्या कोळ्यांनी हेकरूच्या जातीच्या माशांची शेती करावी, अशी सरकारी योजना होती आणि अहोक तिचे फायदे समजावत होते.

समोरच्या माणसांना एक साधी भीती होती. फेब्रुवारीत निवडणूक आहे. हा माणूस पडला तर योजनाही बंद पडेल का? अहोकनी सांगितलं की माझी मुदत ऑक्टोबर 2017 पर्यंत आहे, मी निवडून आलो नाही तरी काम थांबणार नाही, तेव्हा मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. हे बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, 'दिबोहोंगिन पाकाइ सुरात अल-माइदा 51'. म्हणजे, 'अल-माइदाची 51वी आयत वापरून तुम्हाला कुणी फसवत असेल' आणि त्यामुळे मला मत द्यायला तुमचं मन धजत नसेल, तर तो तुमचा हक्क आहे. अल-माइदा हा कुराणाचा एक अध्याय. त्याची ही आयत मुसलमानांना सांगते की ज्यू आणि ख्रिस्ती लोकांना 'औलिया' करू नका, आणि या शब्दाचा एक अर्थ 'नेते' असा लावला जातो. अहोक ख्रिस्ती.

सभेत कुणी उठून हरकत घेतली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गव्हर्नर परतले. साडेसात महिन्यांनी याच वाक्यासाठी त्यांना दोन वर्षांची कैद झाली.

त्या दोन तारखांमध्ये वाक्य कुठून कुठं गेलं, कुणाच्या हातातून गेलं आणि प्रत्येक हातानं त्यावर काय केलं, ते मला इथं मांडायचं आहे. या प्रकरणाविषयी दोन सोपी मतं ऐकू येतात. एक म्हणतं, हे सगळं एका फेसबुक पोस्टनं घडवलं. दुसरं म्हणतं, पोस्ट निमित्त होती, लोक आधीच पेटलेले होते. दोन्हीत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत.

लांब चित्रफीत, छोटा तुकडा

2012 मध्ये अहोक उपगव्हर्नर झाले, जोको विडोडो ऊर्फ जोकोवी गव्हर्नर. 2014 मध्ये जोकोवी राष्ट्राध्यक्ष झाले आणि अहोक गव्हर्नर. 2012 च्याच नोव्हेंबरमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अधिकाऱ्यांबरोबरची एक बैठक जकार्ता सरकारनं यूट्यूबवर टाकली. त्यात अहोक अधिकाऱ्यांना खर्चाचे आकडे 25 टक्क्यांनी खाली आणायला बजावत होते, आवाज चढवून, समोरच्याची भीडभाड न ठेवता. बंद दाराआडचा कारभार लोकांना पहिल्यांदाच असा उघड दिसला आणि ती बैठक देशभर पाहिली गेली. पुढे सरकारी बैठका, दौरे, भाषणं असं सगळं यूट्यूबवर ठेवण्याची रीतच पडली. अहोकची प्रतिमा याच चित्रफितींनी घडवली: तोंडाचा फटकळ, पण हाताचा स्वच्छ.

प्रामुका बेटावरचं भाषणही त्याच रीतीनं सरकारी वाहिनीवर चढलं. पावणेदोन तासांहून जास्त लांबीची ती चित्रफीत होती. माशांच्या शेतीवरचं इतकं लांब भाषण पाहायला कुणाला वेळ असणार? ती तशीच पडून राहिली.

6 ऑक्टोबरला बुनी यानी यांनी तिच्यातला साधारण अर्ध्या मिनिटाचा तुकडा फेसबुकवर टाकला. हा माणूस पूर्वी पत्रकार होता आणि त्या वेळी जकार्तात संज्ञापन शिकवत होता. त्यांचं म्हणणं होतं की तुकडा मी कापलेला नाही, दुसऱ्या एका पानावरून जसा मिळाला तसा घेतला. पण वरचा मथळा त्यांचा स्वतःचा होता. 'धर्माची विटंबना?' असा प्रश्न मोठ्या अक्षरांत, त्याखाली अहोकचं वाक्य उतरवलेलं, चौकटी कंसांत 'मुस्लिम मतदार' हे स्वतःचे शब्द घातलेले, आणि शेवटी, या चित्रफितीतून काही तरी वाईट घडेल असं दिसतंय, या अर्थाची एक ओळ.

उतरवलेल्या वाक्यात 'पाकाइ' नव्हतं. तिथं होतं, 'दिबोहोंगी सुरात अल-माइदा 51'.

'पाकाइ' म्हणजे काय

इथं मराठी वाचकाला फार समजावावं लागत नाही, कारण आपल्याकडे नेमका असाच फरक आहे. 'पोथीनं फसवलं' आणि 'पोथी पुढे करून फसवलं' ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. दुसऱ्या वाक्यात फसवणारा कुणी तरी माणूस आहे आणि पोथी त्याच्या हातात आहे. पहिल्या वाक्यात माणूस नाहीसा झाला आणि फसवणारी खुद्द पोथी झाली. इंडोनेशियन भाषेत 'पाकाइ' म्हणजे वापरणे, लावून, घेऊन. तो गळाला की आरोप माणसावरून उचलला जातो आणि थेट ग्रंथावर जाऊन पडतो.

11 ऑक्टोबरला टीव्हीवनवरच्या 'इंडोनेशिया लॉयर्स क्लब' या चर्चेच्या कार्यक्रमात बुनी यानी यांनी कबूल केलं की शब्द उतरवताना चूक झाली, कानाला इयरफोन नव्हते. कबुली राष्ट्रीय वाहिनीवर, लाखो लोकांसमोर झाली, तरी तिनं काही फरक पडला नाही. तुकडा तोवर व्हॉट्सअॅपवर घरोघरी पोचला होता आणि त्याच्याबरोबर मथळाही. आधी मथळा वाचून मग चित्रफीत पाहिली की कानाला मथळाच ऐकू येतो. 'पाकाइ' चित्रफितीत अगदी स्पष्ट होता. ज्यांनी ती पाहिली त्यांतल्या कित्येकांनी तो ऐकलाच नाही.

अहोकच्या बाजूच्या लोकांनी मग सगळा जोर याच एका शब्दावर लावला: 'पाकाइ' परत जोडा, प्रकरण संपेल. मला वाटतं, त्यांची मोठी चूक इथं झाली. शब्द जोडल्यावरही वाक्यात एक काटा शिल्लक राहतो. आयत पुढे करून कुणी फसवतं, असं म्हटलं की प्रश्न येतो, कोण? मशिदीत ती आयत सांगणारा मौलवी? गावचा क्याई, म्हणजे धर्मगुरू? लहानपणी ज्यानं कुराण शिकवलं तो गुरुजी? इंडोनेशियातल्या उलेमांची परिषद, म्हणजे एमयूआय, 11 ऑक्टोबरला नेमकं हेच म्हणाली: हे बोलणं कुराणाचा आणि/किंवा उलेमांचा अपमान आहे. तो 'किंवा' महत्त्वाचा होता. शब्दाच्या लढाईत अहोकचे समर्थक जिंकले असते तरी त्या 'किंवा'च्या दाराशी त्यांना हरावं लागलं असतं. अहोकनी आदल्याच दिवशी, 10 ऑक्टोबरला, जाहीर माफी मागितली होती. ती घेणाऱ्यांपेक्षा तिचा गुन्ह्याची कबुली असा अर्थ लावणारे जास्त निघाले.

त्याच टीव्ही चर्चेत नुस्रोन वाहिद या मुस्लिम राजकारण्यानं एक मुद्दा तावातावानं मांडला. कुठल्याही वचनाचा खरा अर्थ ते बोलणाऱ्यालाच ठाऊक असतो. आयतीचा अर्थ अल्लाहला आणि पैगंबरांना, तसा अहोकच्या वाक्याचा अर्थ अहोकला. दुसऱ्या दिवशी लोक मुद्द्यावर बोललेच नाहीत. बोलताना त्यांचे डोळे कसे वटारलेले होते, त्याच्या चित्रांचा पूर लोटला. अर्थ ठरवण्याचा हक्क कुणाचा, हा त्या वर्षातला सर्वांत खोल प्रश्न होता आणि तो डोळ्यांच्या थट्टेत बुडाला, याची मला खंत वाटते.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आयतीत 'औलिया' हा अरबी शब्द आहे. धर्म मंत्रालयाच्या जुन्या भाषांतरात तो 'पेमिम्पिन', म्हणजे नेते, असा होता. 2002 च्या सुधारित भाषांतरात 'तेमान सेतिया', म्हणजे जिवाभावाचे मित्र, असा झाला. ऑक्टोबर 2016 मध्ये नव्या प्रतीतल्या त्या पानाची छायाचित्रं फिरू लागली: बघा, अहोकला वाचवायला कुराणाचं भाषांतरही बदललं! हा बदल चौदा वर्षं जुना आहे, असं मंत्रालयाला सांगावं लागलं. मित्र की नेता, हा अभ्यासकांच्या टेबलावरचा प्रश्न होता. तो पहिल्यांदा रस्त्यावर आला, तोही खोटेपणाचा पुरावा म्हणून.

आधीची जमीन

बी कसंही असलं तरी जमीन लागते. अहोक चिनी वंशाचे आणि ख्रिस्ती. हुकूमशहा सुहार्तोंच्या काळात वंश-धर्माच्या प्रश्नांवर बोलायलाच बंदी होती. 'सारा' या चार अक्षरांत जमात, धर्म, वंश, गट हे सगळं बसवलं होतं आणि वृत्तपत्रांनी त्याला हात लावायचा नाही असा दंडक होता. 21 जून 1994 ला 'टेम्पो', 'एडिटर' आणि 'डेटिक' ही तीन साप्ताहिकं एका फटक्यात बंद झाली, तेव्हापासून संपादक परवान्याला किती जपत असतील ते वेगळं सांगायला नको. 1998 मध्ये सुहार्तो गेले, 1999 च्या कायद्यानं वृत्तपत्रं मोकळी झाली. पण तीन दशकं ज्या विषयावर नीट, सभ्यपणे बोलायची सवयच लागू दिली नाही, तो विषय सवयीशिवायच मोकळा सुटला.

दुसरी जमीन पोटापाण्याची. 20 ऑगस्ट 2015 ला चिलिवुंग नदीकाठची कांपुंग पुलो ही वस्ती हटवली गेली. 11 एप्रिल 2016 ला जुन्या बंदराजवळची पासार इकान, म्हणजे मासळी बाजाराची वस्ती पाडली. तिच्या शेजारी लुआर बातांगची जुनी, लोकांच्या मनात घर करून असलेली मशीद आहे. पुराचं पाणी ओसरायला लागलं, रस्ते स्वच्छ झाले, सरकारी कार्यालयांतली लाच कमी झाली, हे अनेक जकार्तावासी मान्य करत होते. पण ज्याचं घर बुलडोझरखाली गेलं त्याला तो स्वच्छ रस्ता कोरडाच वाटणार. या लोकांचं ऐकणारं कुणी नव्हतं, आणि जे पुढे आले ते धर्माच्या भाषेत बोलणारे होते. प्रसारमाध्यमांनी या वस्त्यांची बाजू तेव्हाच ठळकपणे मांडली असती तर ऑक्टोबरमध्ये तिला दुसऱ्याच रागाचा अंगरखा घालावा लागला नसता, असं माझं मत आहे.

वाहिन्यांवरचा विश्वास तर दोन वर्षांपूर्वीच उडाला होता. 9 जुलै 2014 ला राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान झालं त्या संध्याकाळी मेट्रो टीव्हीवर जोकोवी जिंकले होते आणि टीव्हीवनवर त्यांचे प्रतिस्पर्धी प्राबोवो. मेट्रोचे मालक सूर्या पालोह एका पक्षाचे अध्यक्ष, टीव्हीवन बाक्री कुटुंबाची आणि आबुरिझाल बाक्री तेव्हा प्राबोवोंच्या बाजूच्या गोल्कार पक्षाचे प्रमुख. 2016 च्या अहोकविरोधी मोर्चांत मेट्रोच्या बातमीदारांना लोकांनी हुसकावून लावलं. बातमीदाराला हाकलणं वाईटच. पण त्या तरुण बातमीदारांना मालकाच्या पक्षाची किंमत चुकवावी लागली, हेही तितकंच खरं.

नाव पडलं

खरी कलाटणी मला पोस्टपेक्षा नावात दिसते. धर्मनिंदेच्या 156-अ कलमात शब्द होता 'पेनोदाआन', मुळात 'नोदा', म्हणजे डाग. रस्त्यावर शब्द आला 'पेनिस्ता आगामा', म्हणजे धर्मनिंदक. 'आगामा' म्हणजे धर्म, आपल्या 'आगम'चंच रूप. कायदा कृत्याबद्दल बोलत होता, रस्ता माणसाबद्दल. धर्मनिंदा घडली का, हा प्रश्न उरतो, त्यावर वाद घालता येतो. 'धर्मनिंदक' म्हटलं की प्रश्न मिटला. खटला 13 डिसेंबर 2016 ला उभा राहिला, पण हे नाव फलकांवर, बॅनरवर, हॅशटॅगमध्ये ऑक्टोबरपासूनच होतं.

एमयूआयनं दिला होता तो 'धार्मिक मत आणि भूमिका' अशा नावाचा कागद. आंदोलन उभं राहिलं ते 'एमयूआयच्या फतव्याचं रक्षण करणारी राष्ट्रीय चळवळ' या नावानं. त्या कागदाला 'फतवा' म्हणायचं की नाही हा बारकावा नावातच गिळला गेला.

मग मोठ्या मोर्चांच्या तारखांची नावं झाली. 4 नोव्हेंबर म्हणजे 411, 2 डिसेंबर म्हणजे 212. चियामिसच्या मदरशांतली मुलं 212 साठी जकार्ताच्या दिशेनं पायी निघाली, आणि वाटेवरच्या गावांनी त्यांच्यापुढे पाणी, केळी, चपला, रेनकोट ठेवले. ती दृश्यं फोनाफोनांतून फिरली. ज्यांना खटल्याचं कलम माहीत नव्हतं त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं असेल, आणि ते खोटं पाणी नव्हतं. 212 ला जकार्तातल्या मोनास, म्हणजे राष्ट्रीय स्मारकाच्या चौकात शुक्रवारची नमाज झाली, पाऊस पडत होता, आणि राष्ट्राध्यक्ष जोकोवी हातात छत्री घेऊन चालत तिथं आले. जमाव किती होता? पोलीस दोन लाखांच्या आसपास म्हणाले, आयोजक सत्तर लाखांवर गेले. पुढे 212 नावाची सहकारी संस्था निघाली, दुकानं निघाली.

त्या दिवशीची एक छोटी गोष्ट. मैदानावर 'सारी रोती' पावाच्या गाड्या उभ्या होत्या, वर 'मोर्चेकऱ्यांना मोफत' अशी पाटी. कुणी तरी गाडीवाल्याचा सगळा पाव विकत घेऊन तो फुकट वाटायला सांगितला होता. चित्रं फिरली, लोकांनी कंपनीला दुवा दिला. चार दिवसांनी कंपनीनं खुलासा काढला: आमचा कुठल्याही राजकीय कामाशी संबंध नाही. शब्द कोरडे, कार्यालयी. पण ज्यांनी तो पाव भक्तीच्या दिवशी खाल्ला होता त्यांना 'राजकीय' हा शब्द लागला. त्याच संध्याकाळपासून बहिष्काराची हाक सुरू झाली. दुवा आणि बहिष्कार, दोन्ही एकाच पावाला, एका आठवड्याच्या आत. अर्थ जिथं तापलेला असतो तिथं गप्प राहणं किंवा खुलासा करणं, दोन्ही बाजू घेण्यासारखंच होतं.

फेब्रुवारीनंतर काही मशिदींवर बॅनर दिसू लागले: धर्मनिंदकाच्या समर्थकाच्या मयताची नमाज इथं पढली जाणार नाही. मार्चमध्ये दक्षिण जकार्तातल्या एका म्हातारीच्या घरच्यांनी सांगितलं की तिनं अहोकला मत दिलं म्हणून मशिदीनं तिच्यासाठी नमाज नाकारली. मोहल्ल्यातल्या लोकांनी वेगळंच सांगितलं. प्रशासनानं ते बॅनर उतरवले. शेजाऱ्याच्या तिरडीला खांदा द्यायचा की नाही, हे बॅनरवर लिहून ठरवायची वेळ आली, याहून जास्त मी काय सांगू.

ज्यांनी वेगळं वाचलं

हा मुस्लिम विरुद्ध बाकीचे असा सामना नव्हता, आणि तसा तो सांगणं अन्यायाचं होईल. मुहम्मदिया या मोठ्या मुस्लिम संघटनेचे माजी प्रमुख अहमद शाफी माआरिफ यांनी जाहीर लिहिलं की संपूर्ण बोलणं पाहता यात कुराणाचा अपमान दिसत नाही. ऐंशी पार केलेल्या या विद्वानाला त्याबद्दल नको नको ते ऐकावं लागलं.

रेम्बांगचे ज्येष्ठ क्याई मुस्तोफा बिस्री, म्हणजे गुस मुस, यांनी ट्विटरवर रस्त्यावरच्या जुम्म्याच्या नमाजेवर हरकत घेतली. जकार्तातल्या एका नोकरदार तरुणानं त्याखाली त्यांना अर्वाच्य शब्द वापरला. लोक खवळले, मुलाच्या नोकरीवर आलं. तो आईला घेऊन गुस मुस यांच्या दारात माफी मागायला गेला. त्यांनी माफ केलं, आणि त्याला नोकरीवरून काढू नका असंही सांगितलं. पडद्यावर जे बोललं जातं ते समोरासमोर, आईच्या देखत, तोंडातून निघत नाही. या प्रकरणातला मला सर्वांत जपून ठेवावासा वाटणारा प्रसंग हाच.

निकाल

15 फेब्रुवारी 2017 च्या पहिल्या फेरीत अहोक जवळपास 43 टक्के मतं घेऊन पुढे होते. 19 एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत प्रतिस्पर्धी अनीस बास्वेदान यांना सुमारे 58 टक्के, अहोकना 42. मतं जवळजवळ तेवढीच राहिली, बाकी सगळी पलीकडे गेली. दुसऱ्याच दिवशी सरकारी वकिलांनी मागितलं ते सौम्य होतं: एक वर्ष कैद, तीही दोन वर्षांच्या चांगल्या वर्तनाच्या अटीवर. 9 मे रोजी न्यायाधीशांनी त्याहून कडक कलम लावून दोन वर्षं कैद ठोठावली आणि अहोकना तिथूनच तुरुंगात नेलं.

निकालाच्या आधी बालाई कोटा, म्हणजे गव्हर्नरच्या कार्यालयासमोर, फुलांचे फलक लागले होते. इंडोनेशियात लग्न-मयताला लाकडी चौकटीवर फुलांची अक्षरं करून पाठवतात. हजारो फलक, 'धन्यवाद', 'आम्ही विसरणार नाही' असे. कामगार दिनी मोर्चातल्या काही कामगारांनी त्यांतले काही जाळले. किमान वेतनासाठी झगडणाऱ्याला ती फुलं कुणाच्या घरची वाटली असतील, याचा विचार फुलं पाठवणाऱ्यांनी करायला हवा होता. आणि जाळणाऱ्यांनी, त्या फुलांत कुणाचा तरी खरा हुंदका होता याचा.

खटल्यात बेटावरचे दोन मच्छीमारही साक्षीला आले होते. त्यांनी सांगितलं की आमचं लक्ष माशांच्या योजनेकडे होतं, ते वाक्य तेव्हा आमच्या ध्यानातही आलं नाही. ज्यांच्यासाठी वाक्य बोललं गेलं, त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं.

बुनी यानी यांनाही बांडुंगच्या न्यायालयानं 14 नोव्हेंबर 2017 ला इलेक्ट्रॉनिक माहितीत फेरफार केल्याबद्दल दीड वर्षाची शिक्षा दिली. अपिलं संपून 1 फेब्रुवारी 2019 ला ते तुरुंगात गेले. अहोक त्याच्या आठ दिवस आधी, 24 जानेवारीला, बाहेर आले होते. सुटकेच्या आधी त्यांनी समर्थकांना पत्र लिहिलं. त्यात एक विनंती होती: यापुढे मला 'अहोक' म्हणू नका, 'बेतेपे' म्हणा, बासुकी चाहाया पूर्णामा या नावाची आद्याक्षरं. वृत्तपत्रं अजूनही लिहितात, 'बासुकी चाहाया पूर्णामा ऊर्फ अहोक'.